निहारचा उजवा गुडघा

५ जानेवारी, रविवार

पतपेढीची डायरी दरवर्षी मिळते आणि दरवर्षी माझी बायको कुंदा ती तेलाच्या बरणीखाली घालते. यंदा मी आधीच उचलली. यंदा या घरात ऐतिहासिक काम सुरू झालंय, कुणीतरी नोंद ठेवायला हवी. आमच्या लेकीने, श्रुतिकाने, लग्नाच्या साइटवर नाव घालायला होकार दिला.

होकार म्हणजे काय, कपडे वाळत घालता घालता म्हणाली, घाल बाबा एकदाचं, तुझी भुणभुण तरी थांबेल. मी होकारच धरला. जेवायच्या आत प्रोफाइल तयार. श्रुतिका मधुकर धुरी, वय एकोणतीस, फिजिओथेरपिस्ट, अंधेरीला मरोळच्या दवाखान्यात नोकरी, राहणार मुलुंड पूर्व. उंची मी स्वतः तिला दाराच्या चौकटीला उभी करून टेपने मोजली, कारण ती सांगते त्यात अर्ध्या इंचाची खोट आहे.

तिने एक अट मात्र घातली. स्थळं बघ, बरी वाटली तर मला दाखव, पण माझ्या नावाने कुणाशी एक अक्षर बोलायचं नाही. बोललास आणि मला कळलं, तर मी सरळ क्षमाकडे राहायला जाईन. क्षमा तिची दवाखान्यातली मैत्रीण. तिने मरोळला दोन खोल्या भाड्याने घेतल्यात आणि सोबतीला कुणीतरी हवंय. तिथून दवाखान्यात चालत जाता येतं म्हणे. इथून काय विमानाने जावं लागतं?

मी शब्द दिला. विक्रोळीच्या कारखान्यात इन्स्पेक्शनला अख्खी नोकरी काढली, माझ्या शब्दाला खात्यात मान होता. पार्ट मापाच्या गेजमध्ये बसला तर पास, नाही बसला तर भंगारात. जावयाला कुठलं गेज लावायचं ते मला कुणी शिकवायला नको.

८ जानेवारी, बुधवार

तीन दिवस नुसतं भंगार. एकाने फोटोत काळा गॉगल घातलाय, डोळे दिसत नाहीत. एक वाघाच्या गळ्यात हात टाकून बसलाय. एकाच्या खांद्यावर कुणाचा तरी हात आहे आणि त्या हाताची मालकीण कापून टाकलीये. मेसेज तर विचारू नका. हाय डिअर. कोण डिअर? बाप बसलाय इथे.

आणि मग आज दुपारी निहार कोरगावकर. बोरिवलीचा, मूळ वेंगुर्ल्याचा, वय एकतीस, कॉम्प्युटरमध्ये, ऑफिस विक्रोळीला. विक्रोळी वाचलं आणि ऊर भरून आला. त्याचा मेसेज जसाच्या तसा उतरवून ठेवतो: ‘नमस्कार. आपला परिचय वाचून आनंद झाला. घरी सर्व क्षेम असावे. कळावे.’

कळावे! एकतीस वर्षांचा मुलगा आणि कळावे लिहितो. प्रत्येक वाक्याला पूर्णविराम. मी उठून घरात दोन फेऱ्या मारल्या.

आता एवढ्या सभ्य मुलाला उत्तर दिलं नाही तर धुरींच्या घरात शिस्त नाही असं होईल. म्हणून फक्त ‘नमस्कार. सर्व क्षेम आहे.’ एवढंच पाठवलं. नमस्कार म्हणजे काही बोलणं नव्हे. नमस्कार आपण लिफ्टमधल्या अनोळखी माणसालाही करतो. आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही ही गोष्ट वेगळी.

१२ जानेवारी, रविवार

हा मुलगा म्हणजे सोनं आहे.

पहाटे पाचला उठतो. चहात आलं ठेचून घालतो, किसून नाही, किसलं की रस वाया जातो म्हणतो. पेपर शेवटच्या पानापासून उलटा वाचत जातो, मीही तसाच वाचतो. सोलकढीत मिक्सरचं नारळाचं दूध त्याला चालत नाही. आजकालच्या मुलांना नारळ झाडाला लागतो की दुकानात, हे माहीत नसतं.

त्याने विचारलं, तुम्हाला स्वयंपाकाची आवड आहे का. श्रुतिका अंडं उकडते तेव्हा कुंदा गॅसजवळ उभी राहते. पण मी काय लिहिणार? मी लिहिलं, मासळीबाजार मी स्वतः करते. बांगड्याचे कल्ले उघडून बघावेत, लालभडक असले तरच घ्यावा. मासेवालीने बर्फात दडवलेला असला तर पोट दाबून बघावं, बोटाचा खळगा राहिला की पुढे चालू लागावं. त्याचं उत्तर आलं, ‘आपले हे ज्ञान पाहून मी थक्क झालो.’ आता एवढं कौतुक मला नोकरीत असताना साहेबानेही केलं नव्हतं.

एकदा मात्र घसरलो. विक्रोळीचा विषय निघाला आणि मी ओघात लिहून गेलो की सकाळच्या पाळीचा भोंगा झाला की आम्ही चहाचा कप तसाच टाकून पळायचो. पाठवल्यावर घाम फुटला. लगेच खाली जोडलं, ‘असं माझे बाबा सांगतात.’ तो म्हणाला, आपले बाबा भेटायला हवेत, रसिक दिसतात. मुलगी पसंत करताना बापाची चौकशी करणारा मुलगा मी पहिल्यांदाच बघतोय.

त्यानेही एक सांगितलं, क्रिकेटचा पहिला वर्ल्डकप आपण जिंकलो तेव्हा तो गच्चीवर ट्रान्झिस्टर कानाला लावून बसला होता. तेव्हा तो जन्मलाही नव्हता. म्हणजे रेकॉर्डिंग ऐकत असणार. इतिहासाचीही आवड आहे.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. सकाळी निहारला तिळगुळाचा मेसेज पाठवला आणि उत्तर वाचून हसत बसलो, तर कुंदाने हातातला मोबाईल काढून घेतला. कोण आहे ती, म्हणून विचारलं. या वयात माझ्यावर संशय घेतला म्हणून आत कुठेतरी बरंही वाटलं. मग सगळं सांगावं लागलं.

पलंगावर बसून तिने पहिल्यापासून सगळं वाचलं. मी वाट बघत उभा. शेवटी चष्मा काढून म्हणाली, “पोरीक कळला तर तुमचा काय खरा नाय.” कुंदा कुडाळची, रागावली की मालवणीत बोलते. मी म्हटलं मुलगा कसा वाटला ते सांग. ती म्हणाली, तुमच्यासारखोच बोलता मेलो, जसो काय तुमचोच भाऊ.

मला भरून आलं. मुलींना वडिलांसारखा नवरा हवा असतो असं मी कुठेतरी वाचलंय.

१७ जानेवारी, शुक्रवार

निहारचा उजवा गुडघा दुखतो. जिना चढताना कुरकुरतो, उतरताना कळ येते. एकतिसाव्या वर्षी! दिवसभर खुर्चीत बसून काम, दुसरं काय. त्याने संकोचत विचारलं, आपण त्यातल्या जाणकार आहात तर काही व्यायाम सुचवाल का.

आता मी जाणकार नाही. पण जाणकार आमच्याच घरात जेवायला बसते. मी आमटी वाढून घेता घेता सहज म्हटलं की एखाद्याचा उजवा गुडघा जिन्यावर दुखला तर काय करावं. श्रुतिकाचा घास हातातच राहिला. तुझा दुखतो का, म्हणाली. मी नाही म्हणणार होतो, पण मग कुणाचा दुखतो ते सांगावं लागलं असतं. मी मान हलवली. हलवताना ती हो अशी हलली.

तिने ताट सरकवलं आणि जमिनीवर बसून माझा पाय मांडीवर घेतला. दाबून बघितलं, वाकवून बघितलं. आधी का नाही सांगितलंस, तीन मजले चढउतार करतोस, पिशव्या आणतोस. आवाज बारीक झाला होता तिचा. मग सगळं शिकवलं. टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवून दाबायची. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. आणि खुर्चीतून उठताना हाताचा आधार न घेता, “पाय मागे, नाक पुढे, मग ऊठ.” हे तर तिने माझ्याकडून पाठच करून घेतलं.

सगळं निहारला कळवलं. पाठवताना जरा कसंतरी झालं खरं. पण काम चांगलंच आहे, एका दुखऱ्या गुडघ्याला औषध मिळालं.

१९ जानेवारी, रविवार

आज श्रुतिकाला निहारचा फोटो दाखवला, जसा काय आत्ताच सापडला असा चेहरा करून. ती सोफ्यावर आडवी होती. हल्ली रविवारी दिवसभर आडवीच असते. काल तर दवाखान्यातून आली आणि बूट न काढता झोपली. मरोळ ते मुलुंड येण्यात जीव जातो म्हणते. आम्ही दोन-दोन पाळ्या करायचो.

फोटो बघून म्हणाली, ठीक आहे. तू याच्याशी काही बोलला नाहीस ना? मी म्हटलं, छे. मुलाकडून विचारणा आलीये, एकदा कॉफी पिऊन ये. ती डोळे मिटूनच बरं म्हणाली. मग उठून माझा टॉवेलचा व्यायाम करून घेतला, रोज घेते. झोप डोळ्यांत मावत नाही आणि दहा वेळा दाबायला लावते. आता खरं तर मला त्यातलं काही नकोय, पण नको म्हणायची सोय राहिली नाही.

तिकडे निहारलाही भेटायचंय. मी चलाखीने लिहिलं, ‘प्रत्यक्षात मी फार अबोल आहे. इथल्या गप्पांचा विषय भेटीत काढू नये ही विनंती.’ आणि काय योगायोग, तोही म्हणाला, हेच मी सुचवणार होतो, मलाही संकोच वाटतो. दोघांचे स्वभाव किती जुळावेत.

२४ जानेवारी, शुक्रवार

निहारचा गुडघा सुधारतोय. दुसऱ्या मजल्यापर्यंत कठडा न धरता चढला म्हणे. हे तिला सांगता येत नाही म्हणून माझं पोट फुगलंय.

उद्या संध्याकाळी घाटकोपरच्या मॉलमध्ये भेट. मी लांबून नुसता बघणार आहे. बघणं म्हणजे बोलणं नव्हे.

२५ जानेवारी, शनिवार

वाट लागली. पण क्रमाने लिहितो.

मी आधीच जाऊन कॉफीच्या दुकानात कोपऱ्यातलं टेबल धरलं. डोक्यावर टोपी, समोर पेपर. शेजारच्या टेबलावर माझ्याच वयाचा एक गृहस्थ होता, त्याच्याही डोक्यावर टोपी आणि समोर पेपर, शेवटच्या पानापासून उलटा वाचत चाललेला. कॉफी आली तशी दोघांनीही तोंड वाकडं केलं आणि बोलणं सुरू झालं. जिथे आल्याचा चहा मिळत नाही ते दुकान चालायचं नाही यावर आमचं लगेच एकमत झालं. भला माणूस.

तेवढ्यात श्रुतिका आली, मग निहार आला. फोटोपेक्षा बारीक आहे. दोघं समोरासमोर बसली आणि नुसती चमचे फिरवत राहिली. इकडे शेजारचा गृहस्थ साखर आणायला उठला. उठताना पुटपुटला, “पाय मागे, नाक पुढे, मग ऊठ.” मला वाटलं हे वाक्य मुंबईतल्या सगळ्या दवाखान्यांत शिकवत असावेत.

दोघांचं काही पुढे सरकेना. मला राहवेना. पेपरच्या आड मोबाईल धरून मी निहारला लिहिलं, ‘आता बोला ना काहीतरी. नुसते काय बसलात?’ पाठवलं आणि मग लक्षात आलं की श्रुतिकाचे दोन्ही हात टेबलावर आहेत. आता निहार मोबाईल बघणार आणि तिच्याकडे बघणार आणि संपलं.

टुंग वाजलं. पण निहारचा मोबाईल तसाच पालथा पडलेला. वाजलं ते माझ्या शेजारी, गृहस्थाच्या शर्टाच्या खिशात. त्याने चष्मा लावला, वाचलं, मान उंच करून श्रुतिकाकडे बघितलं, तिचे दोन्ही हात बघितले, कपाळाला आठ्या घातल्या. मग एका बोटाने सावकाश काहीतरी लिहिलं.

माझ्या हातात टुंग. ‘तुम्हीच सुरुवात करा. मी जरा लाजाळू आहे.’

मी त्याच्याकडे बघितलं. त्याने माझ्या मोबाईलकडे बघितलं.

“निहार?” मी विचारलं.

त्याने टोपी काढली. “श्रुतिका,” म्हणाला. विचारलं नाही, म्हणालाच.

त्याचं नाव श्यामकांत कोरगावकर. निहारचा बाप. अडीच आठवडे मी याला माशांच्या कल्ल्यांबद्दल सांगत होतो. आधी त्याला हसू आलं की मला, माहीत नाही. आम्ही असे हसलो की माझी कॉफी पेपरवर सांडली, त्याला ठसका लागला, आणि त्याची पाठ थोपटत असताना बघतो तर श्रुतिका आणि निहार समोर उभे.

निहार कपाळाला हात लावून उभा होता. त्या दोघांचं म्हणे पहिल्याच मिनिटात बोलून झालं होतं, तुला बापाने पाठवलं, मलाही बापाने पाठवलं. श्रुतिका ओठ दाबून होती, पण डोळे हसत होते. माझी चोरी पकडली गेली होती आणि ती तरीही हसणार होती, मला दिसत होतं ते.

आणि तेवढ्यात श्यामकांत उठला. पाय मागे, नाक पुढे. डॉक्टर, म्हणाला, तुमचे उपकार कसे फेडू, तुमच्या व्यायामाने माझा उजवा गुडघा मोकळा झाला, हे बघा. आणि तिथल्या तिथे गुडघा वाकवून दाखवला. दोनदा.

श्रुतिकाचे डोळे हसायचे थांबले.

“बाबा, तुझा गुडघा?” तिने विचारलं.

मी पेपरवर सांडलेली कॉफी रुमालाने पुसायला लागलो.

ती म्हणाली, “माझ्या नावाने बोललास ते मी हसून सोडलं असतं. मी रोज घरी येऊन तुझा पाय मांडीवर घेत होते रे.” माझ्या एक्स-रेसाठी तिने सोमवारी सुट्टी टाकली होती. ते निहारने सांगितलं, तिने त्याला तेवढंच सांगितलं होतं, की बाबांचा गुडघा दुखतोय म्हणून मनात काळजी आहे. ती पर्स उचलून गेली.

२६ जानेवारी, रविवार

खाली झेंडावंदनाला गेलो नाही. ती खोलीत बॅग भरतेय. कुंदा तिला घड्या घालून देतेय. मी दारापर्यंत तीनदा गेलो आणि परत आलो.

१ फेब्रुवारी, शनिवार

गेली. बॅगा मी खाली नेऊन देतो म्हटलं तर म्हणाली, नको, तुझा गुडघा दुखेल. हे तिने हसून म्हटलं असतं तर किती बरं झालं असतं.

३ फेब्रुवारी, सोमवार

तिच्या घरमालकाचं नाव अंबादास आहे आणि त्याचा नंबर मी शोधून काढला. दाराची कडी कशी आहे, पाणी किती वाजता येतं, वरच्या मजल्यावर कोण राहतं, एवढंच विचारणार होतो. तिला कळणारही नव्हतं. नंबर लावला आणि एक रिंग झाल्यावर कापला. तिला कळणार नव्हतं, हेच तर मागच्या वेळीही वाटलं होतं.

मग तिलाच मेसेज केला: ‘मी येऊन दाराची कडी बघून जाऊ का? नाही म्हणालीस तरी चालेल.’

तिचं उत्तर: ‘नको.’

गेलो नाही. दिवसभर मात्र आमच्याच घरातल्या सगळ्या कड्यांना तेल घालत बसलो. कुंदा म्हणाली आता चोरांकसुद्धा सोपा जाईत.

९ फेब्रुवारी, रविवार

श्यामकांत मुलुंडला आला. निहारही त्याच्याशी बेताचंच बोलतो. बागेत बसून आम्ही दोघांनी आपापली अक्कल काढली. तो म्हणतो, मुलांचं नाही जमलं, पण आपलं जमलं ना. स्थळ पास झालं, चुकीच्या टेबलावर. माझ्या मोबाईलमध्ये त्याचं नाव अजून निहारच आहे आणि त्याच्यात मी श्रुतिका. बदलायला दोघांनाही जिवावर आलंय.

त्याचा गुडघा खरंच झकास झालाय. कठड्यावर हात न टेकता उठतो, बसतो. मला चेव आला. म्हटलं यात काय, मी तर बैठका मारतो. आणि मारल्या, बागेतल्या सगळ्यांसमोर. सातव्या-आठव्या बैठकेला आत कट् झालं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

डावा गुडघा दुखतोय. खरोखरचा. आणि कुणाला सांगायची सोय नाही. कुंदाने बघितलं आणि पदर तोंडाला लावून हसली. म्हणाली, बरा झाला.

आयुष्यात पहिल्यांदा अस्सल दुखणं आलं आणि त्याच वेळी माझी पत गेलेली. श्रुतिकाला कळवू? काय तोंडाने? टॉवेलची गुंडाळी करून गुपचूप दाबतो. गंमत म्हणजे व्यायाम सगळा पाठ आहे.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

बांगडे चांगले मिळाले. तिला विचारलं, पाठवू का. म्हणाली, नको, क्षमाला वास चालत नाही. बरं म्हटलं.

आता नको वाचायची सवय होतेय. पहिल्यांदा छातीत लागायचं. आज लक्षात आलं की पहिल्यांदा नुसतं नको होतं आणि आता कारणही देते. कुंदाला दाखवलं तर म्हणाली, एवढ्यात नाचू नका, गुडघा दुखेल.

संध्याकाळी कुंदाचं तिच्याशी बोलणं झालं. मी शेजारी बसून स्पीकर लावू का म्हणून विचारलंही नाही. कुंदा म्हणाली, पोर आता सकाळी नाश्ता करून जाते, संध्याकाळी क्षमाबरोबर फिरायला जाते, वजन वाढलंय. ती तर नोव्हेंबरपासूनच तिथे जायचं माझ्याकडे बोलत होती, कुंदा म्हणाली, तुम्हाला कसं सांगायचं म्हणून थांबली होती. मग मी विचार करत बसलो. सोफ्यावर बूट घालून झोपलेली ती, आणि मी तिला फोटो दाखवत होतो.

म्हणजे ती माझ्यावर चिडून गेली नाही असं नाही. पण नुसती चिडूनही गेली नाही. हे मला गेजमध्ये कसं बसवायचं ते कळेना. म्हणून दोन्ही खरं धरलं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

श्यामकांतने श्रुतिकाच्या दवाखान्यात रीतसर नाव नोंदवलं, स्वतःच्या नावाने, स्वतःच्या गुडघ्यासाठी. शनिवारची वेळ मिळाली. मला म्हणतो सोबत चल. पूर्वी मी पुढे जाऊन बसलो असतो. या वेळी आधी विचारलं: ‘श्यामकांतबरोबर मी पण येऊ का? खाली रिक्षात थांबलो तरी चालेल.’

सकाळी विचारलं. दुपार गेली. चहा झाला. मोबाईल मी देव्हाऱ्यापाशी ठेवला, कुंदाने उचलून बाहेर ठेवला.

टुंग. ‘ये. पाना आण. कडी सैल झालीये.’

मी घरभर नाचलो. एका पायावर.

१ मार्च, शनिवार

दाढी केली, पुन्हा केली. नवा शर्ट, पिशवीत पाना, पकड आणि तेलाची बाटली. कुंदाने सोलकढी दिली, क्षमाला नारळाचा वास चालतो हे आधी विचारून घेतलं होतं.

दवाखाना पहिल्या मजल्यावर. श्यामकांत कठडा न धरता पुढे, मी मागे, चांगला पाय आधी, कण्हायचं नाही असं ठरवून. वर बघतो तर श्रुतिका दारात उभी. पांढरा कोट. गालावर खरंच मांस आलंय.

तिने श्यामकांतला तपासलं. सगळं व्यवस्थित आहे काका, म्हणाली, पेशंट न बघता बरा केलेला हा माझा पहिलाच गुडघा. श्यामकांत लाजला. तो लाजाळू आहे हे त्याने खरंच लिहिलं होतं. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर, पिशवी मांडीवर.

मग ती माझ्याकडे वळली. बाबा, इथे येऊन बस, म्हणाली. मी म्हटलं मला काही नाही, मी कडीसाठी आलोय.

“जिन्यावर पाय ओढत होतास.”

आता काय करायचं? नाही म्हटलं तर ते खोटं. हो म्हटलं तर तेही तिला खोटंच वाटणार. मी उठून खुर्चीत जाऊन बसलो आणि सांगून टाकलं. “दुखतो. खरंच दुखतो. आधी सांगायचं तोंड नव्हतं.”

“जानेवारीत उजवा दुखत होता,” ती म्हणाली.

“उजवा श्यामकांतचा होता,” मी म्हटलं. “डावा माझा आहे.”

तिने माझ्याकडे बघितलं, मी पार्ट उजेडात धरून बघायचो तसं. श्यामकांतने छताकडे बघायला सुरुवात केली. आणि मग तिचे खांदे हलायला लागले, आणि ती भिंतीला टेकून हसत सुटली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मला हसावं की नाही कळेना, म्हणून मी पिशवीतला पाना काढून हातात धरला.

तिने स्टूल ओढलं, समोर बसली, आणि माझा पाय उचलून मांडीवर घेतला. अंगठ्याने चाचपत चाचपत नेमकी जागा शोधली आणि दाबली. मी असा ओरडलो की बाहेर बसलेली माणसं आत डोकावली.

“खरा आहे,” ती त्यांना म्हणाली.